निब : जाड की बारीक?

जगात प्रश्नांचा तुटवडा कधीच नव्हता आणि आजही नाही. त्यांतले मोठे प्रश्न सोडवायला मोठी माणसे नेमलेली असतात. आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतात ते किरकोळ प्रश्न. भाजी कोणती आणायची, पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, आहेराच्या पाकिटात किती रुपये घालायचे, असले. पण किरकोळ प्रश्नांची एक खोड असते. त्यांचे टोक धरून ओढावे तो पलीकडून काहीतरी भलतेच जड वर येऊ लागते. विहिरीत पडलेला तांब्या काढायला गळ सोडावा आणि गळाला हंडा लागावा, तशातली गत!

पेनाची निब किती जाड असावी, हा असाच एक किरकोळ प्रश्न. गेल्या वर्षी तो माझ्यापुढे उभा राहिला आणि त्याने पुरता महिनाभर माझा पिच्छा सोडला नाही.

माझा भाचा जपानात योकोहामाला नोकरी करतो. दिवाळीला घरी यायच्या महिनाभर आधी त्याचा फोन आला. तोक्योच्या गिंझा भागात इतोया नावाचे १९०४ सालापासूनचे लेखनसाहित्याचे दुकान आहे. तिथूनच तो बोलत होता.

"मामा, तुमच्यासाठी पेन घेतोय. निब कोणती घेऊ?"

"चांगली बघून घे."

"चांगल्याच आहेत हो सगळ्या. जाडी कोणती? गोकुबोसो, होसोजी, चूजी की फुतोजी?"

हॉटेलातल्या पोऱ्याने 'काय काय आहे' याची यादी एका दमात म्हणून दाखवावी तशी त्याने ही नावे म्हणून दाखवली. मग अर्थही त्यानेच सांगितला : अतिबारीक, बारीक, मध्यम आणि जाड. मी 'मध्यम' म्हणणारच होतो. आम्ही मध्यमवर्गीय माणसे. आमच्या चहात साखर मध्यम, भाजीत तिखट मध्यम आणि देवाच्या दयेने मुलांचे गुणही मध्यम. पण भाचा माझ्याहून व्यवहारी. तो म्हणाला, "मामा, इथलं मध्यम म्हणजे आपलं मध्यम नव्हे बरं का! विचार करून सांगा. निघायच्या आधी मी पुन्हा इकडे येणारच आहे."

त्याचे म्हणणे खरे होते. जपानी निब ही युरोपातल्या निबेपेक्षा साधारणपणे एका पायरीने बारीक असते. जर्मन कारखानदार जिला बारीक म्हणतो, तिला जपानी कारखानदार मध्यम म्हणतो. याचे कारण कारखान्यात नाही, लिपीत आहे. जपानी लिखाणात कांजी नावाची चिनी वळणाची अक्षरे असतात. एकेका अक्षराला दहा, पंधरा, वीस रेघा. आणि त्या साऱ्या एका लहानशा चौकोनात बसवायच्या. उदासी या अर्थाच्या त्यांच्या शब्दात 'उत्सु' नावाचे एक अक्षर येते, त्याला तर २९ रेघा आहेत. आधीच उदास झालेल्या माणसाने त्या २९ रेघा काढायच्या, म्हणजे अक्षर पुरे होईतो त्याची उदासी एक तर पळून जात असेल किंवा दुप्पट तरी होत असेल! असले अक्षर जाड निबेने लिहिले तर कागदावर अक्षर उरत नाही, शाईचा डाग उरतो. इंग्रजी अक्षरे त्या मानाने माळावरच्या घरांसारखी मोकळी. त्यांना जाड रेघ सहज सोसते.

जपानी पेनांचा हा संसार शंभर वर्षांहून जुना आहे. कुरे या बंदरगावी १९११ साली सेलर कंपनी निघाली. सेलर म्हणजे खलाशी. १९१८ साली नामिकी र्योसुके या गृहस्थांनी दुसरी कंपनी काढली. हे गृहस्थ मूळचे जहाजविद्येच्या विद्यालयातले प्राध्यापक, हे वाचून मला उगाचच बरे वाटले. त्यांच्या कंपनीने १९३८ साली पायलट हे नाव घेतले. पायलट म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणारा. १९१९ साली प्लॅटिनम आली. या प्लॅटिनमच्या एका नामांकित पेनाचे नाव नुसता एक आकडा आहे : ३७७६. फुजी पर्वताची उंची तितके मीटर आहे म्हणून. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे, पण पेनाला ते नाव द्यावे असे आपल्याकडे कुणाच्या मनात आलेले दिसत नाही.

फाउंटनपेनला मराठीत 'झरणी' असा सुरेख शब्द आहे. तो कुणी वापरत नाही, पण पेनाचे सारे मर्म त्यात आहे. निब म्हणजे सोन्याचा किंवा पोलादाचा एक बाकदार पत्रा. त्याच्या टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूंच्या मिश्रणाचा, मोहरीहूनही लहान असा मणी जोडलेला असतो आणि मधोमध एक चीर असते. समईतले तेल ज्या न्यायाने वातीतून चढते, त्याच न्यायाने शाई निबेखालच्या जिभेतून चिरेत येते आणि चिरेतून कागदावर. तो मणी जितका घासावा तितकी रेघ बारीक. किती घासला म्हणजे 'बारीक' म्हणायचे, याचा सर्वांनी मानलेला नियम मात्र कुठेच नाही. एका कंपनीचे मध्यम ते दुसरीचे बारीक. प्लॅटिनमच्या एका स्वस्त पेनावर ०२, ०३, ०५ असे आकडे छापलेले असतात. म्हणजे दोन, तीन आणि पाच दशांश मिलिमीटर. हा हिशेब त्यातल्या त्यात सरळ. पण शाई पातळ असली आणि कागद टिपणारा असला तर तीच रेघ कागदावर जाऊन फुगते. शिवाय पट्टीचे बॉलपेन दाबून लिहिणारा मनुष्य निबेच्या दोन पाकळ्या फाकवून तिला आणखी जाड करतो, ते निराळेच.

आता आमच्या देवनागरीला काय सोसते, हे पाहणे आले. देवनागरी ही तीन मजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार; मधल्या मजल्यावर अक्षर; तळमजल्यावर उकार. वहीच्या दोन रेघांत आठ मिलिमीटरचे अंतर धरले, तर या तिघांत वाटणी होऊन मूळ अक्षराच्या वाट्याला फार तर चार मिलिमीटर येतात. त्या चार मिलिमीटरांत 'क्ष'ची गाठ, 'ष्ठ'ची उतरंड, 'ज्ञ'चा वळसा, सारे उरकायचे. या गाठींच्या आतली मोकळी जागा जेमतेम एक मिलिमीटर असते. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेने लिहिले तर तिथे उजेड राहतो. एक मिलिमीटरच्या रेघेने लिहिले की खिडकी बंद! मी मराठीचा प्राध्यापक. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून तपासून माझ्या डोळ्यांना याची चांगली ओळख झालेली आहे. जाड निबेत 'ष'च्या पोटातली रेघ बुडते आणि 'विशेष' मुलगा 'विशेप' होतो. 'घ' आणि 'ध' यांच्यातले भांडण मिटते. अतिबारीक निबेचे दुखणे उलटे. तिथे अक्षर शुद्ध असते, पण ते शोधायला दिवा लावावा लागतो.

तात्पर्य, देवनागरी कांजीइतकी दाट नाही आणि रोमनइतकी विरळही नाही. ती मधली आहे.

आमच्या आजोबांना हा प्रश्न पडला नसता. त्यांच्याकडे बोरू होता. आपल्याला हवा तितका जाड, हवा तितका तिरपा काप चाकूने स्वतःच द्यायचा; बोथटला की पुन्हा तासायचा. निजामाच्या राज्यात त्यांचे शिक्षण झाले, त्यामुळे उर्दूचा बोरू निराळा आणि मोडीचा निराळा. उर्दूच्या नस्तालीक वळणात तर मोठी मौज आहे. तिथे अक्षराची उंची इंचात मोजत नाहीत, बोरूच्याच टोकाने काढलेल्या ठिपक्यांत मोजतात. अमुक अक्षर इतके ठिपके उंच, तमुक इतके. म्हणजे टोक जाड झाले की अक्षरही त्याच प्रमाणात वाढलेच पाहिजे. मोडीत आधी कागदभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग तिला हात न उचलता अक्षरे टांगीत जायचे. तिथे टोक घसरते हवे, अडखळते नको. लेखणीची जाडी ही कुणी दुकानदाराने ठरवायची गोष्ट नव्हती. ती लिपीने, कागदाने आणि हाताने ठरवायची होती.

आमच्या बीड जिल्ह्यात याचा एक भला थोरला दाखला आहे. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत यांचा काळ १५५१ ते १६१५. गीतार्णवासारखा प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या या पुरुषाला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, असे सांगतात. त्यांनी आपला एक ग्रंथ कागदावर न लिहिता पासोडीवर, म्हणजे जाड्याभरड्या कापडावर लिहिला. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद असे ते कापड आहे. त्यावर लिहायला बारीक टोक घेतले असते तर ते पहिल्याच धाग्यात अडकले असते. कापड टिपणार, शाई पसरणार, हे धरूनच लेखणीचे टोक आणि अक्षराचा आकार ठरवावा लागला असणार. फोनवर 'गोकुबोसो की फुतोजी' विचारणारा भाचा त्यांना नव्हता, हे त्यांचे भाग्य!

इथवर माझा विचार सुतासारखा सरळ चालला होता. लिपी मधली, कागद साधा, हात हलका; तेव्हा जपानी बारीक घ्यावी, फार तर मध्यम. पण मनात आले, या पेनाने मी लिहिणार काय? कॉलेजचे काम संगणकावर होते, मस्टरवर सही करायला जपानहून पेन आणावे लागत नाही. हिशेब केला तेव्हा ध्यानात आले की, हाताने मन लावून मी एकच गोष्ट लिहितो : मांजरसुंब्याच्या आत्याला पत्र.

मांजरसुंबा हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर, बीडच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या डोंगरात आहे. इथून एक फाटा पाटोद्याकडे जातो आणि एक केज-अंबाजोगाईकडे. त्यामुळे पुष्कळ लोकांना हे गाव ठाऊक असते ते एसटी बदलायचे किंवा चहाला थांबायचे ठिकाण म्हणून. कार्तिकी पौर्णिमेला जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते, तेव्हा या रस्त्याने माणसांची रीघ लागते. चारी वाटांनी माणसे येतात आणि जातात. आत्या मात्र तिथेच असते. वय ८२. शिक्षण मराठी चौथी. मुलगा नाशकाला, सून नोकरीला. दोघे वरचेवर बोलावतात, पण तिला तिचे घर सोडवत नाही. "माझ्या दारावरनं सगळ्या महाराष्ट्राच्या गाड्या जातात. मी कशाला कुठं जाऊ?" असे तिचे म्हणणे.

गेली सात-आठ वर्षे आत्याला ऐकू येत नाही. थोडेथोडके नव्हे, अजिबात नाही. कानाचे यंत्र झाले, डॉक्टर झाले. काही उपयोग झाला नाही. म्हणजे फोन संपला. समोर बसून बोलावे तर ती ओठांवरून अंदाजाने काहीतरी ताडते आणि अवघड जागी नुसती हसते. उरली ती चिठ्ठी आणि पत्र. मी पंधरा दिवसांनी एक पोस्टकार्ड टाकतो, तिचे उत्तर येते. जगाने टाकून दिलेला हा व्यवहार आमच्यात अजून चालू आहे, तो हौसेखातर नव्हे. दुसरी वाटच नाही.

आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिचे कार्ड आले :

"तुझं पत्र आलं. पत्त्यावरनं ओळखलं. मजकुराच्या जागी नुसत्या मुंग्या चालल्यात. काय लिहिलंस ते कळलं नाही. शेजारची पोर वाचून दाखवते म्हणाली. तिला म्हटलं, तू वाचशील गं, ऐकणार कोण?"

मोतीबिंदू तिचा कधीच निघाला होता. आता डोळ्याच्या पडद्याची झीज सुरू झाली होती. बीडच्या डॉक्टरांनी सांगितले की, आहे ती नजर टिकवू, पण बारीक आणि फिके काही दिसायचे नाही. मोठे, ठळक आणि काळे असेल तेवढे दिसेल. ती स्वतः अजून लिहिते, कारण तिचे अक्षर पहिल्यापासूनच आवळ्याएवढे आणि हात सवयीने चालतो. पण तिच्यापर्यंत पोहोचायचे दारच अरुंद होत चालले होते. कान गेलेल्या माणसाचे डोळे गेले, तर त्याच्याशी बोलायचे कशाने? बहिऱ्या माणसाशी आपण मोठ्याने बोलतो. तसे कागदावर मोठ्याने बोलायचे कसे, हा माझा खरा प्रश्न होता. निबेची जाडी म्हणजे माझ्या आवाजाची पट्टी होती.

हे सारे मी भाच्याला कळवले. तो आजकालचा मुलगा. त्याने पहिला उपाय मोबाईलचा सुचवला. पडद्यावर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, हे खरेच आहे, आणि पुष्कळ वृद्धांना त्याचा उपयोगही होतो. पण आत्याच्या डोळ्यांना त्या पडद्याचा उजेड सोसत नाही, पाणी येते. नातवाने दिलेला मोबाईल तिने कोनाड्यात गणपतीशेजारी ठेवला आहे. आठ दिवसांनी भाच्याचा पुन्हा फोन आला, या खेपेला मोठ्या उत्साहाने.

"मामा, सापडलं! इथे पायलटची खास पोस्टकार्डावर लिहायची निब आहे. नावच पोस्टिंग! टोक खाली वाकवलेलं असतं."

काय म्हणावे या जपानी लोकांना! संगीताच्या खुणा लिहायला त्यांच्याकडे दोन चिरांची, तीन पाकळ्यांची निब आहे. कुंचल्यासारखे वळण यावे म्हणून टोक वर मुरडलेली निब आहे. पेन उभे धरले तर रेघ बारीक आणि आडवे केले तर जाड. आणि पोस्टकार्डासाठीही आहे! क्षणभर वाटले, सुटला प्रश्न. पण चौकशी केली तेव्हा कळले की, लहानशा कार्डावर पुष्कळ मजकूर मावावा म्हणून ती निब मुद्दाम फार बारीक रेघ देते. त्या निबेने कार्डाचा पुरा विचार केलेला होता. कार्ड वाचणारीचा विचार करणे मात्र माझ्याकडेच राहिले.

शेवटी मी आत्यालाच विचारायचे ठरवले. डोळ्यांचे डॉक्टर भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावतात ना, तसा तक्ता पोस्टाने पाठवायचा. वाक्य असे हवे होते की, त्यात देवनागरीच्या सगळ्या अवघड गाठी याव्यात. पुष्कळ विचार करून मी लिहिले : 'ज्येष्ठ आत्यास साष्टांग नमस्कार, इकडे प्रकृती क्षेम.' हे एकच वाक्य एका कार्डावर पाच ओळींत पाच जाडींनी लिहिले. पहिली ओळ मुलीच्या बारीक जेल पेनने, दुसरी नेहमीच्या बॉलपेनने, तिसरी घरातल्या एका जुन्या फाउंटनपेनने, चौथी स्केचपेनने आणि पाचवी पार्सलवर पत्ता लिहायच्या मार्करने. ओळींना आकडे घातले आणि खाली मोठ्या अक्षरांत विचारले, 'कोणती ओळ नीट दिसते?'

उत्तर यायला दहा दिवस लागले. ते असे होते :

"पाच वेळा साष्टांग नमस्कार पावला. एकदा घातला असतास तरी पुरे होता. पाचदा प्रकृती क्षेम लिहिलंस त्यामुळं काळजी वाटली. खरं काय ते कळव. पहिल्या दोन दिसल्या नाहीत, तिसरीवरनं ताडल्या. तिसरी बरी. चौथीतल्या अक्षरांची पोटं भरलीत. पाचवी कोळशानं लिहिलीस का?"

लेखनकलेवर इतके नेमके परीक्षण मी अलीकडे वाचलेले नाही. 'अक्षरांची पोटं भरलीत' या तीन शब्दांत तिने माझा खिडक्यांचा सगळा सिद्धांत सांगून टाकला होता. जाड म्हणजे ठळक खरे, पण एका मर्यादेपर्यंतच. कमजोर डोळ्यांना रेघ जितकी दिसावी लागते, तितकीच रेघांमधली पांढरी जागाही दिसावी लागते. आवाज वाढवावा, पण ओरडू नये. ओरडले की शब्द फुटतात.

तिसऱ्या ओळीची रेघ मी भिंगाखाली मिलिमीटरची पट्टी धरून मोजली. अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित पुढे भरली. पोस्टकार्डाचा कागद टिपणारा, त्यावर कोणतीही रेघ थोडी फुगणार. तेव्हा जपानी बारीक घेतली तर कमी पडणार, जाड घेतली तर चौथ्या ओळीसारखी पोटे भरणार. नुसती जाडी वाढवूनही भागणार नव्हते. उर्दूचा तो ठिपक्यांचा नियम इथे उपयोगी पडला : टोक वाढले की अक्षरही वाढले पाहिजे. चार मिलिमीटरचे अक्षर सहावर न्यायचे, ओळींत ऐसपैस जागा सोडायची आणि शाई काळीभोर घ्यायची, निळी नको. भाच्याला कळवले, 'चूजी'. म्हणजे मध्यम! पहिल्या दिवशी सवयीने जे तोंडात येत होते, तेच महिनाभराने विचाराने आले. पण दोन्ही 'मध्यम' एक नव्हेत. पहिले कुणाचाच विचार न करता म्हटलेले होते.

शाईचा योग मोठा गमतीचा जुळून आला. १९३१ साली मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्या करायला सुरुवात केली. पुढे त्यांचा उंट आला आणि कॅम्लिनच्या शाईने मराठी घरांतल्या कितीतरी शर्टांचे खिसे निळे केले. २०११ साली या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग कोकुयो या जपानी कंपनीने घेतले. ही कोकुयोही ओसाका शहरात १९०५ साली निघालेली, वह्या-कागदांतली जुनी पेढी. म्हणजे माझे पेन जपानचे आणि त्यात भरलेली गिरगावची शाईही आता निम्मी जपानचीच. मांजरसुंब्याच्या एका म्हातारीला दोन शब्द दिसावेत म्हणून केवढी ही यातायात!

दिवाळीत पेन आले. काळे, साधे, हातात बेताच्या वजनाचे. पहिले कार्ड लिहायला बसलो आणि पाहिले तर सहा मिलिमीटरच्या अक्षरांनी कार्डावर जेमतेम आठ ओळी मावतात. इतके दिवस मी बारीक अक्षरांत वीस-बावीस ओळी लिहीत असे. त्यांत इकडील सर्व क्षेम असे, पाऊसपाणी असे, अमक्याचे लग्न आणि तमक्याची बदली असे. आठ ओळींत यातले काय ठेवायचे? एकेक काढीत गेलो, तो शेवटी एकच गोष्ट उरली. ती मी वीस ओळींच्या पत्रांत कधी लिहिली नव्हती. मी लिहिले : 'मुलीला इंजिनिअर व्हायचे नाही. चित्रकला शिकायची म्हणते. घरात दोन महिने अबोला आहे. तुला काय वाटते?'

उत्तर आले. नेहमीच्या आवळ्याएवढ्या अक्षरांत. "सगळं दिसलं. कुणाला विचारावं लागलं नाही. पोरीला चित्रं काढू दे. तुझ्यापेक्षा अक्षर तरी बरं येईल." ते कार्ड मी मुलीला दाखवले. तिने ते वाचून पुन्हा वाचले, मग माझ्या टेबलावरचे जपानी पेन उचलले आणि आत्याआजीला पहिले पत्र लिहिले. पत्र कसले, कार्डभर एक मांजर काढले आणि खाली एक ओळ. अबोला त्या दिवशी मोडला. मुलगी आता चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. हे बरे झाले की वाईट, ते पुढे कळेल. पण घरात बोलणे चालू आहे.

आत्याची नजर आणखी किती दिवस साथ देईल, हे डॉक्टरही सांगत नाहीत. उद्या तिसरी ओळ दिसेनाशी झाली तर फुतोजी आणावी लागेल. अक्षर दहा मिलिमीटरचे करावे लागेल आणि आठ ओळींच्या चार होतील. पुढे कदाचित एकच ओळ उरेल. तिची मी आतापासून तयारी करतो आहे. कार्ड लिहायला बसलो की आधी मनाशी विचारतो, एकच ओळ लिहायची झाली तर कोणती लिहीन? आणि ती सगळ्यांत वर लिहितो.

पेनाची माझी ही चिकित्सा कॉलेजात पसरली आणि लोक सल्ला विचारू लागले. परवा आमच्या स्टाफरूममधले एक तरुण सहकारी, नुकतेच साखरपुडा झालेले, हळूच जवळ येऊन म्हणाले, "सर, जपानी पेन घ्यायचं म्हणतोय. निब कोणती घेऊ?" मी म्हटले, "अक्षर मोजा, कागद बघा, हात किती दाबता ते पाहा. पण त्याआधी हे सांगा की लिहिणार कुणाला?" ते काही बोलले नाहीत, नुसते लाजले. तेव्हा मी त्यांना अतिबारीक घ्यायला सांगितली. त्या दिवसांत सांगायचे पुष्कळ असते, आणि वाचणारीचे डोळेही चांगले असतात.